घोडदळाच्या वस्तू जमवायच्यात, कुठून सुरू करू? (एक पदक, एक पितळी स्वार आणि एक तलवार)

बारगीर_नवशिका

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबणार आहे त्याबद्दल आधीच सॉरी.

मला लहानपणापासून घोडदळाचं वेड. म्हणजे घोड्यावर बसता येत नाही, एकदा माथेरानला बसलो तर घोडा मला न विचारता परत स्टँडवर आला, पण शिलेदार, पागा, सरनोबत, रिसालदार असले शब्द ऐकले की अंगावर काटा येतो. कॉलेजात असल्यापासून पुस्तकं घेत होतो. आता हातात थोडे पैसे असतात तर नीट कलेक्शन करावं म्हणतोय, पुस्तकं, चित्रं, जुन्या वस्तू. मराठ्यांचं घोडदळ आणि नंतर इंग्रजांच्या काळातले आपले रिसाले, म्हणजे घोडदळाच्या तुकड्या, दोन्हींत इंटरेस्ट आहे.

आत्ता हातात काय आहे ते सांगतो, फोटोही टाकलेत.

एक म्हणजे पदक. आईच्या माहेरची जुनी ट्रंक मामाने आमच्याकडे आणून टाकली, त्यात सापडलं. चांदीचं गोल, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला उघडा माणूस घोड्यावर बसलाय, घोड्याच्या पायाखाली ढाल, आणि १९१४, १९१८ हे आकडे. आईचे पणजोबा मोठ्या लढाईत होते असं घरात सगळे सांगतात, घोडेस्वार होते म्हणतात. पदकावरच घोडा आहे म्हटल्यावर शंकाच नको ना? काळं पडलंय, कोलगेटने घासू का?

दोन, पितळी घोडेस्वार, चार बोटं उंच असेल. जुन्या बाजारात घेतला. विकणारा म्हणाला मराठा सरदाराची मूर्ती आहे, दोनशे वर्षं जुनी. चेहरा पार झिजलाय पण हातात तलवार स्पष्ट दिसते.

तीन, तलवार अजून घेतलेली नाही, बोलणी चालू आहेत. पात्यावर लाटांसारखी नक्षी आहे, सोनेरी अक्षरात देवीचं नाव आहे, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतोय की पानिपतावरून परत आलेली आहे. पस्तीस हजार म्हणतोय, तीसला देईल असं वाटतंय.

बाकी ट्रंकेत एक जुनं धोतर, दोन पितळी बटणं आणि लोखंडाची गंजकी किसणी की काय ते निघालं, दाते दाते आहेत, ते भंगारात टाकतोय.

तर जाणकारांनी सांगा, पुढे काय घेऊ आणि काय टाळू?

---

रिकिबीत_पाय

स्वागत आहे. आधी ती टूथपेस्ट खाली ठेवा.

तुमचं पदक म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. तो उघडा माणूस म्हणजे त्यांचा सेंट जॉर्ज, ढाल शत्रूची, ढालीवर गरुड दिसेल नीट बघितलं तर. आता वाईट बातमी. हे पदक काही फक्त घोडदळाला नव्हतं, त्या युद्धात नोकरी केलेल्या लाखो लोकांना मिळालं, पायदळ, तोफखाना, खलाशी, सगळ्यांना तोच घोडा. त्यामुळे घोडा दिसला म्हणून घोडेस्वार असं काही होत नाही.

खरी गंमत कडेवर आहे. पदक आडवं धरा, कडेच्या जाडीवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, नंबर, हुद्दा, नाव, तुकडी, बहुतेक याच क्रमाने. दहापटीचं भिंग घ्या आणि उजेड तिरका पाडा म्हणजे वाचता येईल. हुद्दा 'सोवार' असेल तर तुमचे खापरपणजोबा स्वार, मग प्रश्नच मिटला. 'सिपॉय' असेल तर पायदळ. 'दफादार', 'जमादार', 'रिसालदार' असे हुद्दे असतील तर चैन आहे, पण जमादार पायदळातही असायचा म्हणून तुकडी बघायचीच.

तुकडीच्या नंबरात नवखा माणूस हमखास फसतो. १९०३ मध्ये सगळ्या देशी पलटणी आणि रिसाल्यांना नवे नंबर दिले, आणि युद्ध संपल्यावर १९२१-२२ च्या सुमारास ३९ रिसाले एकमेकांत मिसळून २१ केले. म्हणजे महायुद्धात जी ३४ वी पूना हॉर्स होती तीच नंतर ३३ व्या रिसाल्याबरोबर मिळून १७ वी झाली. डेक्कन हॉर्स तेव्हा विसावी, नंतर २९ वीशी मिळून नववी. आज लष्करात १७ हॉर्स आणि ९ हॉर्स म्हणतात त्याच या, फक्त घोडे जाऊन रणगाडे आले. त्यामुळे कोणी तुम्हाला १९१८ च्या पदकावर १७ वी पूना हॉर्स कोरलेली दाखवली तर आधी संशय घ्या, ती अक्षरं कालपरवाची असू शकतात.

खोटं ओळखायची अजून एक साधी खूण आहे. जुनं नाव घासून नवीन टाकलं असेल तर कडेची जाडी एकसारखी राहत नाही, कुठेतरी खोलगट लागते. व्हर्नियरने मोजा, व्यास ३६ मिमीच्या खाली गेला असेल तर कानस फिरलीय. हे पदक अस्सल चांदीचं असल्यामुळे किती तरी सोनाराच्या मुशीत गेलीत, तुमच्या मामाने ते वाचवलं हेच खूप.

घासू नका. काळपट थर म्हणजे घाण नव्हे. फार तर मऊ सुती कापडाने हलकं पुसा आणि आम्लविरहित कागदात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, रबरबँड तर अजिबातच नको, रबरातला गंधक चांदी अजून काळी करतो.

कडेवर काय लिहिलंय ते इथे टाका, पण नाव टाकू नका, नंबर आणि नाव सोडून बाकीचं सांगा.

---

चंदीचोर

पानिपतावरून परत आलेल्या तलवारी मी आजवर बावीस पाहिल्या. इतक्या तलवारी परत आल्या असत्या तर पानिपत झालंच नसतं राव.

---

माळवदावरची

मला तुमच्या पितळी स्वाराबद्दल बोलायचंय. फोटो मोठा करून बघितला.

तुम्ही चेहरा झिजलाय म्हणताय ना, तो का झिजलाय याचा विचार केलात का? सरदाराची मूर्ती शोकेसमध्ये असती तर नाक-डोळे शाबूत राहिले असते. तुमच्या स्वाराचं नाक गेलंय, घोड्याचे कान गेलेत, पण पोटाखाली आणि पायांच्या मधे नक्षी ताजी आहे, कारण तिथे बोट पोचत नाही. असं फक्त एकाच कारणाने होतं, वर्षानुवर्षं रोज चिंच-राखेने घासून. हा देव्हाऱ्यातला आहे हो. आमच्या आजीकडे होता अगदी तसाच.

बहुतेक खंडोबा. आता घरी जाऊन चार गोष्टी बघा. घोड्याच्या पायाखाली काही गोळा आहे का, तुम्हाला तो दगड किंवा बैठकीचा भाग वाटत असेल, पण ते मणी-मल्ल दैत्याचं डोकं असतं. स्वाराच्या पुढे किंवा मागे छोटा उंचवटा आहे का, ती म्हाळसा, ती त्याच घोड्यावर बसलेली असते आणि झिजली की नुसतं टेंगूळ उरतं. शेजारी कुत्रा आहे का. आणि हात किती, कारण खंडोबाला पुष्कळदा चार हात असतात, तलवार, त्रिशूळ, डमरू आणि पात्र, पण मागचे दोन हात पहिले मोडतात.

यातलं काहीच नसेल, साधा दोन हातांचा स्वार असेल, तर मग अजून एक शक्यता आहे आणि ती मला जास्त आवडते. आपल्याकडे घरातला कोणी लढाईत पडला किंवा अकाली गेला की त्याचा वीर करून देवात बसवायचे, टाक करून नाहीतर छोटी मूर्ती करून, आणि तो घोड्यावरच असतो. नाशकात धुळवडीला वीर मिरवतात ते पाहिलंय का कधी? लोक घरचे वीर हातात घेऊन वाजतगाजत गंगेवर नेतात. म्हणजे तुमच्या हातात कोणाच्या तरी घरचा माणूस असू शकतो. सरदार नसेल, पण घोड्यावरून गेलेला असेल.

डीलर लोक या दोघांनाही सरसकट 'मराठा स्वार' म्हणून विकतात कारण देव म्हटलं की गिऱ्हाईक दचकतं. माझी तक्रार जुन्या वस्तू विकण्याबद्दल नाही, नाव बदलून विकण्याबद्दल आहे. आणि नवीन माल ओळखायचा तर झीज बघा. नवीन ओतीव मूर्ती औषध लावून काळी करतात, ती सगळीकडे सारखीच काळी असते, खाचेतही आणि उंच भागावरही. खरी जुनी उंच भागावर गुळगुळीत पिवळी आणि खाचेत काळपट.

---

बारगीर_नवशिका

बाप रे. माळवदावरची ताई, आत्ता टॉर्च लावून बघितलं. घोड्याच्या पायाखाली जो दगड वाटत होता त्याला कान आहेत. दोन. आणि स्वाराच्या पुढे टेंगूळ आहे, मी ते खोगिराचं टोक समजत होतो आणि तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं, 'खोगिराची पुढची उंच कमान, मराठा पद्धत' असं. लाज वाटतेय.

पदकाची कड अजून वाचता आली नाही, भिंग मागवलंय.

---

वाकडी_मूठ

आता तलवारीकडे येऊ, कारण तीस हजार तिथे जाणार आहेत.

फोटो एकच टाकलाय आणि तोही म्यानासकट, पण जेवढं दिसतंय त्यावरून सांगतो. लाटांसारखी नक्षी पात्याच्या मुठीजवळच्या इंचापासून टोकापर्यंत एकाच मापाची आहे, वॉलपेपरसारखी. खऱ्या जौहरदार पोलादात नक्षी धातूच्या आतच असते, ती कुठे दाट कुठे विरळ होते, धारेकडे ताणली जाते. अॅसिडने वर काढलेली नक्षी नख फिरवलं की खरखरीत लागते. धारेजवळ कुठे पातं जुनं घासलेलं असेल तर तिथे अशी नक्षी कायमची गायब झालेली असते, खऱ्या पात्यातही घासल्यावर ती फिकी पडते पण सौम्य अॅसिड लावलं की आतून पुन्हा निघते. सोनेरी अक्षरांचं तसंच, कोफ्तगिरी असेल तर आधी पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यावर सोन्याची तार ठोकलेली असते, सोनं झिजलं तरी त्या रेघा भिंगाखाली राहतात. तुमच्या फोटोत एका अक्षराचा रंग चक्क ओघळलाय.

मूठ हातात घ्या. जुन्या तलवारीची मूठ आपल्याला लहान वाटते, पंजा जेमतेम बसतो, वरची वाटी मनगटाला टेकते. मी पहिल्यांदा धरली तेव्हा वाटलं पोराटोरांची असेल, नंतर कळलं की पकडच तशी असते, मनगट मोकळं हलवून भोसकण्यापेक्षा ओढून कापायचं असतं. शोसाठी केलेल्या तलवारींना मूठ ऐसपैस असते आणि वजन भलतंच, दीड-दोन किलो. लढाईतली किलोच्या आसपास असायची, दिवसभर घोड्यावर बसून फिरवायची असते ती. पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं, फटीतून काळपट-तांबूस लाख दिसली पाहिजे. पांढुरकं किंवा काचेसारखं काही दिसलं तर ते हार्डवेअरच्या दुकानातलं आहे.

सरळ, लांब पातं आणि त्यावर परदेशी अक्षरं असली तर मात्र लगेच खोटं म्हणू नका. फिरंग म्हणजे तीच, पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. त्यातही गंमत अशी की इथले कारागीर ती परदेशी अक्षरं बघून बघून कोरायचे, त्यामुळे चुकीच्या स्पेलिंगचं पातं खोटंच असेल असं नाही, जुनं पण इथलं असू शकतं.

आता कायदा, कारण हे कोणी सांगत नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं हत्यार कायद्याखाली येतं, आणि ज्या भागात सरकारने तशी अधिसूचना काढलेली असते तिथे परवान्याशिवाय ठेवता येत नाही. आपल्या जिल्ह्यात काय स्थिती आहे ते घ्यायच्या आधी विचारा, नंतर नव्हे. शंभर वर्षांच्या वरची वस्तू पुरावस्तू ठरते, १९७२ चा कायदा आहे, ती देशाबाहेर पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या चुलतभावाला भेट म्हणूनसुद्धा नाही, आणि विकणाऱ्याकडे लायसन्स हवं. तुमच्या माणसाकडे ते मागा, मागितल्यावर त्याचा चेहरा काय होतो तेच अर्धं उत्तर आहे. मूठ हस्तिदंती असेल तर विषयच सोडा, वन्यजीव कायदा आहे.

आणि अजून एक, गडावर फिरताना बाणाचं टोक, गोळा, नाल असलं काही सापडलं तर खिशात घालू नका. संरक्षित गडावरचं तसंच सोडा, आणि इतर कुठे जमिनीत दडलेलं काही निघालं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं असेल तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये तेव्हाचे, अजून तेच आहेत!

मी स्वतः पहिली तलवार घेतली तीही अशीच होती, घराण्याची गोष्ट चिकटवलेली. गोष्टीचे पैसे जास्त लागले होते, लोखंडाचे कमी. अजून आहे माझ्याकडे, दसऱ्याला भोपळा कापतो.

---

चंदीचोर

दसऱ्याला भोपळा कापायला तलवार आणि वर इतरांना कायदा शिकवतोय बघा हा.

---

कागदकिडा

सगळे लोखंड-पितळ बोलतायत म्हणून कागदाच्या बाजूने मी बोलतो. मला विचाराल तर कमी पैशात खरं घोडदळ कागदातच मिळतं.

पुस्तकांत पहिलं सभासदाची बखर, कुठल्याही आवृत्तीत घ्या, स्वस्त असते. महाराजांच्या घोडदळाची मांडणी तिथे आहे, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा हजारी, पाच हजारींवर पंचहजारी, आणि वर सरनोबत. सगळ्यात भारी काय तर दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पंचवीस घोड्यांना पाणी आणि पायात नाल, हे आधी पाहिलं. आपण चित्रात भाले बघतो, त्यांनी पखाल बघितली.

यातून बारगीर आणि शिलेदारातला फरक पक्का करून ठेवा, वस्तू ओळखताना लागतो. बारगिराचा घोडा आणि हत्यार सरकारी, पागेतलं. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा, शब्दच मुळी सिलाह म्हणजे हत्यार यावरून आलाय. इंग्रजांनी हीच पद्धत उचलली आणि त्यांच्या देशी रिसाल्यांना 'सिलादार' म्हणायला लागले, स्वाराने घोड्या-सामानाचे पैसे आधी भरायचे. महायुद्धात घोडे मरायला लागले आणि फ्रान्सात नवा घोडा स्वार आणणार कुठून, ती पद्धत तिथेच मोडली आणि युद्धानंतर बंद केली. म्हणजे तुमच्या दोन आवडी, मराठे आणि रिसाले, एकाच शब्दाने जोडलेल्या आहेत.

सचित्र जुन्या पुस्तकांत दोन सांगतो. ब्रॉटन नावाच्या अधिकाऱ्याने १८०९ साली शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रं, १८१३ ला लंडनला छापली, इथल्याच चित्रकाराच्या चित्रांवरून केलेल्या रंगीत प्लेट आहेत. लेखक आपल्याबद्दल पुष्कळ ठिकाणी आकसाने लिहितो पण छावणीचा बाजार, घोडी, तंबू डोळ्यासमोर उभे राहतात. दुसरं १९११ चं, लव्हेट नावाच्या मेजरने काढलेली आपल्या फौजांची ७२ रंगीत चित्रं, मजकूर मॅकमनचा. रिसाल्यांचे कुर्ते, कमरपट्टे, फेटे बांधायच्या तऱ्हा यातून शिका. मूळ आवृत्ती महाग, पुनर्मुद्रण घ्या, वापरायला तेच बरं. मूळ प्रती फोडून एकेक पान फ्रेम करून विकणारे असतात, फ्रेम छान दिसते पण पुस्तक मेलेलं असतं, मी घेत नाही.

चित्रांचं थोडक्यात. भिंग लावा. रंग जर सारख्या ओळीत बसलेल्या ठिपक्यांचा दिसला तर ते आजकालचं प्रिंट, फ्रेम कितीही जुनी असो. शिळाछापात दगडाचा वेडावाकडा रवा दिसतो. पुण्याची चित्रशाळा १८७८ ला निघाली, तिथले शिळाछाप जमवण्यासारखे आहेत, अजून जुन्या वाड्यांच्या भिंतींवर असतात आणि पाठीला वाळवी लागलेली असते. घेतलं की आधी मागचा पुठ्ठा काढा. मार्सेलला १९१४ च्या शरद ऋतूत आपल्या फौजा उतरल्या तेव्हा फ्रेंचांनी धडाधड पोस्टकार्डं छापली, फेटेवाले स्वार, घोड्यांना पाणी पाजताना, स्वयंपाक करताना. त्यांच्या लेखी सगळे 'हिंदू', शीख असो की पठाण. ही अजून परवडणाऱ्या किमतीत मिळतात आणि मागे कोणी मजकूर लिहिला असेल तर तो बोनस.

आणि मोडी. सुटे मोडी कागद विकायला येतात, त्यात पागेचे हिशेब सापडतात, चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, गवत, नालबंदी, घोड्यांचे रंग, कुमैत, सब्जा, अबलख, मुश्की. माझ्याकडे एक वीतभर चिठ्ठी आहे, नुसती चंदीची मागणी, ना तारीख नीट ना सही, पण खाली कडेला शाईत बुडालेल्या बोटाचा ठसा उमटलाय कारकुनाच्या. मी दोन वर्षं मोडी शिकलो ते त्या एका चिठ्ठीपायी. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. आणि हो, हस्तलिखिताला पुरावस्तूची मर्यादा शंभर नाही, पंचाहत्तर वर्षं आहे.

खरं सांगू का, ज्या वस्तूंवर घोडेस्वार काढलेला असतो त्या बहुतेक वेळा घोडदळाच्या नसतात. घोडदळाच्या वस्तू अगदीच मामुली दिसतात, तोबरा (दाण्याची पिशवी), रिकीब, तंगाची म्हणजे खोगिराच्या पट्ट्याची कडी, पखालीचं तोंड. कोणी ओळखत नाही म्हणून भंगारात जातात. बाकी सगळी खोगीरभरती.

त्यावरून आठवलं. तुमच्या त्या दात्यांच्या किसणीचा फोटो टाका जरा. भंगारात दिली नसेल तर.

---

रिकिबीत_पाय

+१, मी तेच लिहायला आलो होतो. आणि नगरला, म्हणजे आता अहिल्यानगर, रणगाड्यांचं म्युझियम आहे ते बघून या, आर्मर्ड कोअरवाल्यांचं, १९९४ पासून आहे, घोड्यावरून रणगाड्यावर आलेल्या याच रिसाल्यांचं पुढचं प्रकरण समजतं. दिल्लीला गेलात तर तीन मूर्ती चौकात थांबा, लोक गाडीतून बघून जातात, ते तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद लान्सर्सचे. यातल्या जोधपूर-म्हैसूरच्या स्वारांनी हैफा, आताच्या इस्रायलमधलं बंदर, २३ सप्टेंबर १९१८ ला घेतलं, भाले-तलवारी घेऊन मशीनगनवर घोडे घातले होते, जोधपूरचे मेजर दलपतसिंह तिथेच पडले. यातलं काही विकत घ्यायचं नाहीये, पण डोळा तयार होतो.

---

शिसपेन

मी शिशाचे सैनिक जमवतो त्यामुळे दोनच ओळी. जुन्या इंग्रजी पोकळ शिशाच्या सैनिकांत स्किनर्स हॉर्सचे पिवळे स्वार मिळतात, रंग शाबूत असेल तरच घ्या, पुन्हा रंगवलेले नको. सागवानी किंवा ओकच्या बंद कपाटात ठेवू नका, लाकडाच्या वाफेने शिसं पांढरं पडून भुगा होतो. लहान मुलांच्या हाती देऊ नका. संपलं.

---

बारगीर_नवशिका

मंडळी, चार दिवसांनी येतोय, अपडेट द्यायचं राहिलं.

तलवार सोडली. लायसन्सचं विचारलं तर तो म्हणाला 'साहेब तुम्हाला वस्तू पाहिजे का कागद पाहिजेत', आणि नंतर फोनच उचलला नाही. वाकडी_मूठ, तुमचे आभार, भोपळा आमच्याकडे विळीवर चिरतात.

भिंग आलं. पदकाची कड वाचली. नंबर आणि नाव सोडून सांगतो, हुद्दा 'डी व्ही आर' आहे आणि पुढे 'एस अँड टी' असं काहीतरी. रिकिबीत_पाय, हा कुठला रिसाला?

---

रिकिबीत_पाय

रिसाला नाही हो. डी व्ही आर म्हणजे ड्रायव्हर, आणि एस अँड टी म्हणजे सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट. खेचरं. त्या काळात ड्रायव्हर म्हणजे खेचर हाकणारा, मोटार नव्हे.

तोंड पाडू नका मात्र. आपले खेचरगाडीवाले फ्रान्सला होते, गॅलिपोलीला होते. गॅलिपोलीला किनाऱ्यापासून खंदकापर्यंत पाणी, दाणा, दारूगोळा यांनीच रात्री अंधारात वाहिला, दिवसा जाता यायचं नाही, वरून नेम धरलेला असायचा. तुमचे खापरपणजोबा कुठे होते ते या पदकावरून समजणार नाही, पण खेचरांच्या मागे चालत होते हे नक्की.

---

चंदीचोर

पखालजी निघाले की राव. कागदकिडा म्हणालाच होता.

---

कागदकिडा

किसणी?

---

बारगीर_नवशिका

आहे, आहे, दिली नाही. फोटो टाकलाय. लोखंडी पत्रा, सहा ओळी दाते, मागे हात अडकवायला पट्टी होती ती तुटलीय.

---

कागदकिडा

खरारा. जनावराच्या अंगावरची माती आणि सुटलेले केस काढायचा. रोज सकाळी चालायचा. दात्यांच्या मुळाशी बघा, गंजाच्या खाली काही चिकटलंय का. आणि कृपा करून गंज घासू नका, कोरड्या ब्रशने झटका, फक्त.

---

बारगीर_नवशिका

बघितलं. चौथ्या ओळीत मुळाशी केस आहेत. आखूड, तपकिरी. माणसाचे नाहीत.

आईला दाखवला तर ती हसायलाच लागली. म्हणाली अरे हे तर आजीचं, आजी याने टाचा घासायची, मोरीत ठेवलेलं असायचं, आम्ही हात लावला की ओरडायची.

आणि पितळी स्वार आता माझ्या कपाटात नाहीये. काल ऑफिसमधून आलो तर आईने त्याला चिंच लावून लख्ख केलेलं, भंडारा वाहिलेला, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी बसवलाय. मी म्हटलं अगं ते माझं कलेक्शन आहे. म्हणाली असू दे, तुझा खरारा आहे ना.

---

माळवदावरची

रविवारी भरीत-भाकरीचा नैवेद्य लागतो हो त्याला. आईला सांगा.